तेवढं एक सोडलं तर

दत्ता, परवा मंडळाच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता. दुसरा कुठलाच मिळेना, म्हणून तुझ्या रेसिडेंट कार्डावरचाच मोठा करून घेतला. त्यात तू असा दिसत होतास, की कोणीतरी तुला गाडीचे कागद मागितलेत आणि ते घरी राहिलेत. तू असतास तर हसत सुटला असतास. मी हसलो नाही. हार वाकडा झाला होता, तो तेवढा सरळ केला.

सात-आठ जण बोलले. चांगलंच बोलले. कोणाच्या आईला विमानतळावर आणायला तू पहाटे गेलास, कोणाचं सामान तीन मजले चढवलंस, सगळं निघालं. शेवटी आपले जुने अध्यक्ष उठले. म्हणाले, "दत्ता म्हणजे सोन्यासारखा माणूस. तेवढं एक सोडलं तर." आणि खाली बसले.

हॉलमध्ये माना हलल्या. तेवढं एक म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. तेव्हा जे बहारीनमध्ये आलेसुद्धा नव्हते, त्यांनाही ते ठाऊक आहे. दुसऱ्या रांगेत तुझी प्राजू बसली होती, नर्सची ड्यूटी संपवून तशीच आलेली. ती मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. चपला घालताना ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, तुम्ही होतात ना तिथे? बाबांनी खरंच मुद्दाम घातलेलं का?"

मी म्हणालो, "नंतर बोलू, बाळा."

नऊ वर्षांपूर्वी तुला एकट्याला उभं केलं, आणि परवा पुन्हा. म्हणून मंडळाच्या अंकात तुझ्यासाठी ठेवलेली दोन पानं मी मागून घेतली. त्यांना वाटतंय मी आठवणी लिहिणार आहे. त्याही लिहितो. पण त्या बँकॉकपासून सुरू कराव्या लागतात, आणि बँकॉकला आपण दोघं गेलो होतो हेच इथे फारसं कोणाला माहीत नाही. घरी सुधाला मी कंपनीचं काम असं सांगितलं होतं.

खूळ तुझंच. मनामातल्या त्या थाई किराणा दुकानाच्या मागे पी नोईने चार प्लास्टिकची स्टुलं टाकून खाण्याची गाडी चालवायला घेतली होती आणि तू तिचं सामान पोचवायचास. पी म्हणजे त्यांच्यात ताई. तू तिथला भात खाऊन आलास आणि तू चालवायचास त्या कंपनीच्या बसमध्ये मला म्हणालास, "सायबानू, हय येवढां बरां, तर थंय काय आसतलां!" दोघांचीही सुट्टी शिल्लक होती. तुझं गावी घर बांधणं चाललं होतं, माझ्या मुलाचं शिक्षण. हातात पैसे बेताचेच. तू म्हणालास, राहायला पंख्याची खोली, फिरायला पाय आणि जेवायला रस्ता. एवढ्यात बसत असेल तर जाऊ.

बसलं. पहिल्याच सकाळी तू नियम काढलास. जिथे चित्रांचं मेनूकार्ड आहे तिथे शिरायचं नाही. जिथे टॅक्सीवाले जेवतात तिथेच बसायचं. "डायवर माणूस वायट खाणा नाय आणि म्हाग खाणा नाय," असं तुझं म्हणणं. सहा दिवसांत तो नियम एकदाही चुकला नाही. हिरव्या-पिवळ्या टॅक्सी उभ्या दिसल्या की तू त्या दिशेने असा चालायला लागायचास, जसा काही तिथे तुझा चुलतभाऊ राहतो.

त्या सकाळी एका बाईने वाडग्यात भाताची मऊ, वाफाळती पेज दिली. वरून आल्याच्या काड्या. तू एक चमचा तोंडात घातलास आणि डोळे भरून आले तुझे. "ही आमची पेज," म्हणालास. "येवढ्या लांब येऊन आवशीचीच पेज खाल्लंय." नंतर गल्लीच्या तोंडाशी खळग्यांच्या लोखंडी तव्यावर एक म्हातारी नारळाच्या दुधाचे गोड आप्पे करत होती. दोन अर्धे एकमेकांवर ठेवायची आणि केळीच्या पानाच्या द्रोणात द्यायची. तू तिच्यासमोर उकिडवा बसलास आणि अर्धा तास तिचा हात बघितलास. तुला तिची भाषा येत नव्हती, तिला तुझी. तरी उठताना तुला पीठ किती सैल ठेवायचं ते कळलेलं होतं, आणि तुझ्या देशात याला तिखट चटणी लागते हे तिलाही.

मी काय खात होतो? मी शाकाहारी. पुण्यातल्या आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, इथे पंचवीस वर्षं काढूनही आलं नव्हतं. 'जे' हा शाकाहाराचा थाई शब्द तू विमानातच पाठ केला होतास. प्रत्येक गाडीवर माझ्याकडे बोट दाखवून तू "जे, जे" असं ओरडायचास, जणू मला काही आजार आहे.

तिसऱ्या दिवशी ती कच्च्या पपईची गाडी. उंच मातीच्या उखळात मिरची, लसूण, ताडाचा गूळ, लिंबू, शेंगदाणे आणि पपईचा कीस. ती बाई एका हाताने मुसळ मारायची आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवायची. तू म्हणालास, "माझ्या आवशीचां व्हायन हंय कसां इलां?" तू तिला जे, जे सांगितलंस, तिने मान हलवली, सुकी कोलंबी बाजूला ठेवली आणि बोलता बोलता सवयीने एका बाटलीतून धार सोडली. मी दोन घास खाल्ले होते. तू माझं मनगट धरलंस. "सायबानू, थांबा. तिना त्या बाटलेतला घातल्यान. माशाचा पाणी आसा ता."

तू सांगितलंस, दत्ता. वेळेवर सांगितलंस. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे.

आणि मी थांबलो नाही. मी तुझ्याकडे बघत ती सगळी बशी संपवली. आंबट, गोड, तिखट आणि त्या सगळ्यांच्या खाली काहीतरी खारट, खोल, ज्याला मी चौपन्न वर्षांत कधी भेटलोच नव्हतो. दुसरी बशी मागवली. मी म्हणालो, "सुधाला कळता कामा नये. कोणालाच." तू कानाला हात लावून म्हणालास, "खलास. ह्यां हंयच ऱ्हवतलां."

उरलेले दिवस मी तेच खाल्लं. तुकडा दिसला की बाजूला सारायचो आणि रस ओरपायचो. तू चिडवायचास, "भाऊ, मासो नको, पण त्येची आंघोळ चलता!" हो, भाऊ. त्या पपईच्या बशीनंतर तू मला साहेब म्हणणं सोडलंस. मी किती वर्षं सांगत होतो, साहेब म्हणू नकोस. माझं एक बिंग तुझ्या हाती आलं तेव्हा कुठे तुला मी भाऊ वाटलो. परतताना इथल्या विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत तू माझ्या मागे उभा होतास आणि खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "सायबानू, फुडे सरका." मला ते लागलं. त्यावर आपण नंतर कितीदा भांडलो. तू म्हणायचास, "थंय तुमी स्टुलार बसलेलात. हय खुर्चीर आसात." तो वाद तसाच राहिला.

त्याच हिवाळ्यात माघी गणपतीला मंडळाची खाऊगल्ली होती. हॉलच्या अंगणात गाड्या लावायच्या, आणि गणपतीचा दिवस म्हणून सगळं शुद्ध शाकाहारी. मी तेव्हा सचिव. आपण दोघांनी 'टॅक्सीवाल्यांची गाडी' नावाचा स्टॉल घेतला. पपईचं सॅलड आणि ते गोड आप्पे. आप्पे तुझ्या हातचे, त्याबद्दल कोणाला शंका नव्हती. अकरा वर्षं मंडळाच्या गणपतीचे उकडीचे मोदक तूच करत होतास. कोकणातला हात म्हणून बायकासुद्धा तुला मान द्यायच्या. सॅलडसाठी तू मीठ आणि सोया सॉस घालून चिंच-गुळाचं पाणी आदल्या दिवशी करून ठेवलंस. मी चाखलं. म्हणालो, "दत्ता, काहीतरी कमी आहे." तू म्हणालास, "कमीच ऱ्हवांदे. देवाचो दिवस."

ती बाटली मी आणली होती. आदल्या संध्याकाळी मी एकटा मनामाला गेलो आणि पी नोईकडून घेतली. दुसऱ्या दिवशी तू सनद भागातल्या तुझ्या खोलीवर राहिलेल्या पपया आणायला व्हॅन घेऊन गेलास, तेव्हा पिशवीतून काढली आणि त्या पातेल्यात ओतली. सगळी नाही, अर्धी; उरलेली कचऱ्याच्या डब्यामागे लपवली. माझ्या हाताने. कोणी पाहिलं नाही. मी असं का केलं, हे नऊ वर्षं स्वतःला विचारतोय. कोणाला बाटवावं असं मनात नव्हतं. लोकांनी त्या बाईच्या गाडीवर मला लागली तशी चव घ्यावी, वा म्हणावं, एवढंच. आणि कदाचित हेही, की सगळ्यांनी नकळत खाल्लं तर मी एकटा उरणार नाही. हे दुसरं कारण लिहायला मला आज सकाळभर वेळ लागला.

रांग लागली. माईंनी, म्हणजे अध्यक्षांच्या आईंनी, दोन बशा खाल्ल्या. ऐंशी वर्षांची बाई, चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी, नाशिकहून लेकाकडे तीन महिने आलेली. बोट चाटून तुला म्हणाल्या, "अरे, यात काय जादू घातलीस?" तू माझ्याकडे बघून हसलास. तुला अजून माहीत नव्हतं.

मग टेबलाखालचा कचऱ्याचा डबा उचलताना कोणाच्या तरी हाताला ती बाटली लागली. लेबलवर मासा. इंग्रजीतही लिहिलेलं. पहिल्यांदा कोणाला खरंच वाटेना. मग एका बाईने तोंडात बोटं घातली आणि ती कोपऱ्यात पळाली. माई खुर्चीत बसल्या होत्या, त्यांना सुनेने कानात सांगितलं. त्यांनी फक्त पदर तोंडाला लावला.

आणि मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले. एकाच वेळी. मी पळी हातात घेऊन तुझ्या बाजूलाच उभा होतो, पण माझ्याकडे कोणीही बघितलं नाही. मी पुण्याचा, अंडंसुद्धा न खाणारा, सचिव. तू मालवणचा ड्रायव्हर. कोणीतरी म्हणालंच, "ह्यांना काय, मासा म्हणजे पाणीच!"

तू माझ्याकडे पाहिलंस. एक क्षणच. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. मग तू वळलास आणि स्वच्छ मराठीत म्हणालास, "माझी चूक झाली. बाटली बदलली माझ्या हातून." तू माईंच्या पाया पडायला वाकलास. माईंनी पाय मागे घेतले.

मी पळी खाली ठेवली. दत्ता, त्या अंगणात मी एवढंच केलं.

त्या संध्याकाळी तू मला घरी सोडत होतास, तेव्हा मी व्हॅनमध्ये म्हणालो, "गाडी वळव, मी जाऊन सांगतो." खरं तर मी ते हळू म्हणालो, ऐकू जाईल न जाईल असं. तू गिअर टाकलास. "यल्ला भाऊ, गप बसा. घरी वैनी वाट बघतत." बहारीनच्या जमिनीवर तू मला भाऊ म्हणालास ते तेव्हा एकदाच. माझी समजूत घालायला.

पुढच्या शुक्रवारी मंडळाची सभा झाली. चाळीस मिनिटं चर्चा. इतिवृत्ताच्या वहीत ठराव मी लिहिला, सचिव म्हणून, माझ्या चांगल्या अक्षरात: 'श्री. दत्ता यांच्याकडे यापुढे मंडळाच्या स्वयंपाकाची कोणतीही जबाबदारी देऊ नये.' खाली माझी सही. त्या वर्षीपासून मोदक हॉटेलातून येतात. बाहेरून चकचकीत, आतलं सारण कोरडं. गणपतीत तू बाहेर गाड्या लावायला उभा राहायचास, शिट्टी वाजवत. मी आतून ऐकायचो.

घरी सुधाने तुझा कप वेगळा काढला. स्टीलचा, पातळ पत्र्याचा. तो इतर कपांत नाही, गॅलरीतल्या फडताळात ठेवायचा. तुला तिने तोंडावर कधी काही म्हटलं नाही, चहाही दरवेळी दिला. तू तो कप बघून म्हणायचास, "वैनी, माझो कप म्हणजे व्हीआयपी. दुसरो कोण हात लावूक शकणां नाय." ती ओठ दाबून आत जायची. मी समोर बसून चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचो.

आपण यावर बोललो एकदाच. अरादच्या किल्ल्यामागे, समुद्राच्या कठड्यावर. मी विचारलं, का केलंस. तू शेंगा सोलत होतास. "तुमची गजाल वेगळी. तुमका ते सोडूचे नाय, घरातसून बाहेरसून. मी मासेखाऊच. चार दिवस बोलतले, गप होतले." मी म्हणालो, चार दिवसांची चार वर्षं झाली. तू हातातली टरफलं पाण्यात टाकलीस. मग म्हणालास, "मोदकांचा तेवढा वायट वाटता."

मी म्हणालो, सुधाच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, सांगतो. मग मुलाचं लग्न होऊ दे. मग नातवाचं बारसं. तू प्रत्येक वेळी म्हणालास, "इंशाल्ला," आणि हसलास. त्या हसण्यात टोमणा होता का, हे मी शोधत बसायचो. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आपले शुक्रवार मात्र चुकले नाहीत. पी नोईची गाडी, त्या चारांतली दोन स्टुलं, पेज. तू मला मुद्दाम ते माशाचं पाणी पुढे सरकवायचास, मी आधी इकडेतिकडे बघायचो आणि मग घालायचो. तुझी गेलेली इज्जत आणि माझी राहिलेली, दोन्ही त्या टेबलावर असायच्या, आणि तू तरी पेज फुंकत मला गावच्या गजाली सांगायचास. माझ्या आयुष्यात कोणी मला इतकं फुकट दिलेलं नाही.

तुला गावी पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. पाय आपोआप तिकडे गेले. पी नोईने मला येताना पाहिलं आणि सवयीने दोन वाडगे भरले. तुझ्या वाडग्यावर मिरची जास्त. मला तिला कसं सांगावं कळेना. तिचं इंग्रजी तेवढं, माझं थाई 'जे'पुरतं. आमच्या दोघांत चालणारा शब्द एकच होता, इथल्या रस्त्यावरचा. मी म्हणालो, "दत्ता खलास." तिने गॅस बंद केला. दुकानामागे आम्ही दोघंच होतो. तुझ्या वाडग्यातली वाफ थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

विमानतळावरच्या कार्गोच्या कागदावर एक रकाना होता, मयताशी नातं. प्राजूच्या वतीने कागद मी भरत होतो. तिची सही झाली, साक्षीदार म्हणून माझी. माझ्या नावापुढे मी आधी 'कलीग' लिहिलं. मग खोडलं आणि 'ब्रदर' लिहिलं. काउंटरवरच्या माणसाने खोडाखोड चालत नाही म्हणून नवा कागद दिला. त्यावर पहिल्यांदाच बरोबर लिहिलं.

काल मी वही मागवली. आता सचिव नवे आहेत, त्यांनी का म्हणून विचारलं नाही. नऊ वर्षांपूर्वीचं पान काढलं. शाई अजून तशीच काळी. त्या ठरावाखाली मी लिहिलं: 'वरील प्रकारात बाटली मी आणली व मी ओतली. दत्ताला याची कल्पना नव्हती. त्याने दोष स्वतःवर घेतला आणि मी घेऊ दिला.' खाली सही. अक्षर आता वाकडं येतं, पण वाचता येतं. परवाच्या शुक्रवारी सभा आहे. तिथे हे पान वाचणार आहे, आणि हा लेखही. माई आता नाहीत. त्यांच्यापाशी आता काही सांगता येत नाही, हेही वाचणार आहे. प्राजूला आज दुपारी फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, आयेक हे आधी सांगूक होया." मी म्हणालो, मीच सांगतो. गावी फोन लावला, तुझ्या बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "माका ठावक होतां. ते खोटां बोलले की कान लाल होयत."

उरली सुधा. तिला बोलून सांगायचं धैर्य झालं नाही. हे कागद तिच्यापुढे ठेवले आणि समोर बसलो. तिने चष्मा लावून वाचलं, पानं उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बँकॉकचं, पपईचं, बाटलीचं, सगळं. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मग उठून स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला. नळाखाली काहीतरी बराच वेळ घासल्याचा आला.

ती चहा घेऊन आली. तिच्या हातात तुझा स्टीलचा कप होता. तो तिने माझ्यासमोर ठेवला.

"आजपासून हा तुमचा," म्हणाली.

कडा फार तापते रे त्याची, दत्ता. ओठ टेकवत नाही. नऊ वर्षं तू कसा प्यायचास, आणि वर हसायचास?